बिल्ज पंपाच्या नोंदी: जानेवारी ते जुलै

१० जानेवारी

तीन आठवड्यांनी बोटीवर गेलो. पाय ठेवताच कळलं की काहीतरी बिघडलंय. एरवी पाय टेकला की ती चटकन झुकते आणि चटकन सावरते. आज झुकायलाही वेळ लावला आणि सावरायलाही. इंजिनावरची फळी उचलली तर पाणी इंजिनाच्या पायांना लागलेलं. आणखी चार बोटं चढलं असतं तर स्टार्टर बुडाला असता.

पंपाचा स्विच दाबला. आवाज नाही. मग बादली. १० लिटरच्या १४ बादल्या भरल्या, शेवटचं पाणी टमरेलानं आणि स्पंजानं काढलं. १४० लिटर, २१ दिवसांत. म्हणजे दिवसाला साडेसहा-सात लिटर. बोटीला भोक पडलेलं नाही. रोज थोडं थोडं पाणी येत होतं आणि ते बाहेर टाकणारं कोणी नव्हतं.

याच बोटीवर ‘स्वयंचलित’ पंप होता. फ्लोट स्विच होता, पाणी चढलं की आपोआप सुरू व्हायचा. तो कधी बंद पडला, आणि बंद पडण्याआधी दिवसातून किती वेळा चालत होता, यातलं काहीच मला सांगता येत नाही. तो चालत होता म्हणून मी पाण्याचा विचारच सोडून दिला होता. नवीन पंप बसवायचा, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची. म्हणून ही वही.

११ जानेवारी

पंप का मेला ते सापडलं. फ्लोट स्विचकडे जाणाऱ्या धन तारेचा जोड नुसती टेप गुंडाळून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खोल जागी, सोडून दिला होता. टेप काढली तर आत हिरवी भुकटी. तांबं शिल्लकच नाही. तार वरच्या बाजूनं सोलत गेलो, तर जोडापासून वीतभर अंतरापर्यंत काळी पडलेली. आवरणाच्या आतून पाणी चढत गेलं होतं.

ही तार मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवरून येते, म्हणजे तिच्यात चोवीस तास वीज. ते उघडं तांबं खाऱ्या पाण्यात बुडालं की वीज पाण्यातून झिरपू लागते आणि जवळचा जो धातू समुद्राला लागलेला असेल त्याला कुरतडते. म्हणून तळातले कॉक, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या भोकांवरच्या तोट्या, एकेक करून खरवडून पाहिले. पितळी मिश्रधातू गुलाबी दिसायला लागला की त्यातलं जस्त गेलं असं समजावं. माझे आतून पिवळेच निघाले. वेळेवर सुटलो.

पाणी येतंय कुठून? पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सांध्यातून, म्हणजे ग्लँडमधून, इंजिन बंद असतानाही, मिनिटाला जवळपास ६० थेंब. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर दिवसाला चार-सव्वाचार लिटर. ग्लँडचे दोन्ही नट सारखेच, अगदी थोडे थोडे आवळले. १० थेंबांवर आलं. आतली पाणी अडवणारी दोरी जुनी आहे, ती बदलावी लागणार, पण त्यासाठी बोट वर काढायला हवी. उरलेलं पाणी बहुधा पावसाचं.

१७ जानेवारी

दिवसभर बिल्ज साफ केलं. तळाशी तेलकट काळा थर होता. साबणाचं पाणी ओतून पंपानं बाहेर फेकायचा मोह होतो, पण साबणानं तेल नाहीसं होत नाही, बारीक होऊन पाण्यात मिसळतं आणि तवंग न दिसता समुद्रात जातं. मोठ्या जहाजांना तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भागांच्या) वर असलेलं बिल्जचं पाणी सोडता येत नाही. छोट्या बोटीवाल्यानं तरी वेगळं का वागावं? स्वयंचलित पंपाला तर तेल आणि पाणी यातला फरकच कळत नाही. तेल शोषणाऱ्या घड्या घालून सगळं टिपून घेतलं. इंजिनाखाली आता एक पसरट ट्रे ठेवला आहे, म्हणजे डिझेल-तेल टपकलं तरी त्यातच राहील.

आडव्या फासळ्यांच्या खाली पाणी वाहायला जी भोकं असतात, त्यातली दोन पूर्ण बुजलेली होती. पुढच्या भागातलं पाणी पंपापर्यंत पोचतच नव्हतं. सळईनं मोकळी केली आणि प्रत्येकातून एक नायलॉनची दोरी ओवून ठेवली. दोन-चारदा पुढे-मागे ओढली की भोक साफ.

मग ५ लिटर पाणी नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, ओतलं आणि ते कुठे जाऊन थांबतं ते पाहिलं. जुना पंप जिथे होता तिथे नाही. इंजिनाच्या मागे, शाफ्टखाली, हातभर अंतरावर. बोट उभी असताना पाणी जिथे साचतं ती जागा पंपाची. धावताना ते आणखी मागे सरकेल, पण धावताना मी बोटीवर असतो.

१८ जानेवारी

पंप किती मोठा घ्यावा? आधी धोका मोजून पाहिला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ज्या कॉकमधून येतं, त्याचं तोंड २५ मिमी आणि पाणरेषेखाली ५० सेंमी. त्याची नळी सुटली तर पाणी सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेगानं आत येईल. धार तोंडाशी आक्रसते तो तोटा वजा केला तरी मिनिटाला ५५ लिटर. तोंडाची खोली चौपट झाली तर पाणी दुप्पट येतं, पण व्यास दुप्पट झाला तर चौपट. भोकाचा आकार किती महत्त्वाचा आहे ते यावरून दिसतं.

खोक्यावर ‘११०० गॅलन ताशी’ लिहिलेला पंप म्हणजे अमेरिकन गॅलननं ४१६० लिटर, मिनिटाला ६९. दिसायला पुरेसा. पण तो आकडा पंपाला नळी न जोडता, पाणी जराही वर न चढवता, आणि इंजिन चालू असताना असतो तेवढ्या म्हणजे १३.६ व्होल्टला मोजलेला असतो. माझ्याकडे ९० सेंमी चढ आहे, साडेतीन मीटर नळी आहे, आणि उभ्या बोटीत बॅटरी १२.५ वर असते. निम्म्याहून थोडं जास्त मिळालं तरी समाधान मानायचं. याहून मोठ्या पंपाला जाडी नळी लागेल आणि ती न्यायला इथे जागा नाही. ११०० चाच घेतला.

२४ जानेवारी

पाया बसवला. पंपाच्या खाली स्क्रू मारायचे म्हणजे बोटीच्या तळात स्क्रू मारायचे. ते मी करणार नाही. पाणी काढायच्या यंत्रासाठी पाणी यायची वाट कोण करून देईल? फायबरच्या जाड पट्टीचा तुकडा कापला, तळ पॉलिश पेपरनं खरबरीत केला, ॲसिटोननं पुसला, आणि पट्टी इपॉक्सीनं चिकटवली. पंपाची जाळी आणि फ्लोट स्विच या पट्टीवर स्क्रूनं बसतील. स्क्रू पट्टीच्या जाडीपेक्षा आखूड घेतले, प्रत्येक मोजून.

स्विचची दिशा कण्याला, म्हणजे बोटीच्या तळाच्या लांब तुळईला, समांतर, बिजागरी नाळेकडे, तरंगणारं टोक मागे. पुढून पाण्याचा लोंढा आला तरी हात उलटा दाबला जात नाही.

२५ जानेवारी

नळी. जुनी नळी घड्याघड्यांची होती, वाकायला सोपी म्हणून सगळे तीच घेतात. आतल्या प्रत्येक घडीला पाणी अडखळतं. नवीन नळी आतून गुळगुळीत, २८ मिमी. ती पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढतीच ठेवली. मध्ये कुठेही झोळ नको. झोळात पाणी अडून राहतं, त्याच्या आणि पंपाच्या मध्ये हवा कोंडते, आणि हा पंप हवेला ढकलू शकत नाही. नुसता घरघरतो.

बाहेरचं तोंड पाणरेषेपासून ४० सेंमी वर, कडेच्या पट्टीखाली पाडलं. चार माणसं एका बाजूला उभी राहिली तरी ते तोंड बुडता कामा नये. बुडलं आणि नळी भरलेली असली, तर पंप थांबल्यावर सायफन लागून समुद्र त्याच वाटेनं आत येतो. पंप अगदी चांगला असूनही बोटी बुडतात त्या अशा. भोकाची कापलेली कड इपॉक्सीनं बंद केली, मग तोंड बसवलं. नळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा.

३१ जानेवारी

तारांचं काम, आणि यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

बॅटरीपासून पंपापर्यंत साडेचार मीटर, जाऊन-येऊन ९. पंप ३.६ अँपिअर घेतो. १.५ चौरस मिमीची तार घेतली असती तर ३ टक्क्यांहून थोडा जास्त विजेचा दाब तारेतच गेला असता. २.५ ची घेतली, २ टक्क्यांच्या आत राहिलं. कल्हई केलेलं तांबं घेतलं, कारण साध्या तांब्याचं काय होतं ते ११ तारखेला पाहिलंच आहे.

एक वाट बॅटरीवरून फ्यूज, मग फ्लोट स्विच, मग पंप. ही वाट मुख्य स्विचवर अवलंबून नाही, म्हणजे घरी जाताना सगळं बंद केलं तरी पंप जागा राहतो. दुसरी वाट सुकाणूजवळच्या स्विचवरून थेट पंपाला, हातानं चालवायला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, आणि पंपाच्या कागदावर लिहिलाय तेवढाच, ६ अँपिअर. मोठा घालायचा नाही. इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकात, काही अडकून तो थांबला की मोटर वीज ओढत राहते आणि तापते; फ्यूज मोठा असेल तर तो उडत नाही, मोटर जळते. मुद्दाम इम्पेलर धरून ठेवून स्विच दाबला. फ्यूज काही सेकंदांत उडाला. नवा घातला, दोन जास्तीचे फळीच्या मागे चिकटवून ठेवले.

सगळे जोड पाण्यापासून ४० सेंमी वर, आत गोंद असलेल्या हीट श्रिंकचे, म्हणजे तापवलं की तारेवर आवळून बसणाऱ्या नळीचे. जोडाच्या आधी तारेला खाली एक झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, जोडात जाणार नाही. माझं इंजिन डिझेलचं आहे. पेट्रोलचं असतं तर बिल्जमध्ये बसणारा प्रत्येक स्विच ठिणगी बाहेर न टाकणाराच घ्यावा लागला असता, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि नेमकी तिथेच जाऊन बसते.

पंप चालू असताना मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १२.५, पंपाशी १२.२.

१ फेब्रुवारी

चाचणी. भाच्याला मदतीला आणलं. तो बाहेर छोट्या होडीत बादली धरून, मी आत पाणी ओतत. जुनी घड्यांची नळी आधी लावून पाहिली: २० लिटरची बादली भरायला ४३ सेकंद. मग नवी: ३१ सेकंद. पंप तोच, बॅटरी तीच. मिनिटाला २८ लिटर आणि ३९ लिटर, एवढा फरक फक्त नळीच्या पोटाचा. खोक्यावरच्या ६९ चं काय ते ज्यानं त्यानं समजावं.

पाणी संपलं, पंप थांबला. मी हात पुसत होतो तोच तो पुन्हा सुरू झाला. पाच सेकंद चालला, थांबला. आठ सेकंदांनी परत. मी तारा तपासायला लागलो, स्विच हलवून पाहिला. भाचा आत येऊन वाकून बघत होता.

“मामा, तारा सोडा. पाणी परत येतंय.”

“कुठून परत येतंय?”

“पंपातूनच. थांबला की नळीतलं सगळं खाली उतरतंय. बघा ना, भोवरा दिसतोय.”

बरोबर होतं त्याचं. २८ मिमीच्या ३.४ मीटर नळीत २ लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं माघारी येतं. शाफ्टखालची जागा एवढी निमुळती की २ लिटरनं पाणी ४ सेंमी चढतं. स्विच ५ सेंमीला लागतो आणि २ सेंमीला सुटतो. २ आणि ४ मिळून ६. पंप तेच पाणी वर चढवत आणि खाली घेत राहणार, थेंबही बाहेर न टाकता. हिशेब केला: ९० अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मी वीज दीड दिवसात संपली असती.

फ्यूज काढून घरी आलो.

८ फेब्रुवारी

नळीत, पंपाच्या लगेच वर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, घातला. पाणी परत येणं थांबलं. पंप एकदा चालतो आणि थांबतो. बादली भरायला आता ३६ सेकंद लागतात, म्हणजे व्हॉल्व्हचा अडथळा आहेच, पण हे चालेल असं वाटलं.

२१ फेब्रुवारी

चालणार नव्हतं. आज बोटीवर चढतानाच पंपाचा आवाज आला. बाहेरच्या तोंडातून पाणी नाही. बिल्जमध्ये पाणी १२ सेंमी, पंप पूर्ण बुडालेला, फिरतोय, आणि काहीच बाहेर पडत नाही. हात लावला तर कोमट.

उलगडून पाहिल्यावर कळलं. पाणी खाली गेलं तेव्हा पंपाच्या पोटात हवा शिरली. वर व्हॉल्व्ह बंद, त्याच्यावर ९० सेंमी पाण्याचा खांब उभा. पुन्हा पाणी चढलं तेव्हा ती हवा निघायला वाटच नाही. पंप हवेत फिरत राहिला, आणि हवेच्या जोरावर तो खांब उचलला जात नाही. व्हॉल्व्हच्या झडपेवर एक केसही अडकलेला होता. म्हणजे आज नाही तर उद्या तो उघडाही राहिला असता किंवा बंदही.

बिल्ज पंपाच्या नळीत असा व्हॉल्व्ह घालू नये, हे कितीतरी ठिकाणी लिहिलेलं असतं. मी वाचलेलं होतं. तरी घातला, कारण पाणी परत येताना दिसत होतं आणि व्हॉल्व्ह हे त्याचं सरळ उत्तर वाटलं. काढून टाकला.

२२ फेब्रुवारी

पाणी परत येऊ द्यायचं आणि त्याला जागा करून द्यायची. फ्लोट स्विच ४ सेंमी उंच ठोकळ्यावर बसवला. आता तो ९ सेंमीला लागतो, ६ ला सुटतो. त्या उंचीवर बिल्ज रुंद आहे, म्हणून नळीतल्या २ लिटरनं पाणी दोन सेंमीही चढत नाही. ८ च्या आसपास थांबतं. पंप गप्प. अर्धा तास बसून राहिलो, गप्पच.

याची किंमत अशी की तळाशी आठ सेंमी पाणी कायम राहणार. कोरडं बिल्ज मला आवडतं, पण ते स्पंजानं करता येतं. मी नसताना मला खात्रीचा पंप हवा.

आणि मुख्य गोष्ट: पंपाच्या तारेवर मोजणी यंत्र बसवलं. पंप सुरू झाला की आकडा एकानं पुढे. सुकाणूजवळ, चढताच दिसेल असं. मग पाव लिटरच्या मापानं पाणी ओतत गेलो. एका फेरीनंतर पुढची फेरी सुरू व्हायला सरासरी १.४ लिटर लागतात. म्हणजे एक आकडा म्हणजे १.४ लिटर समुद्रात परत. पंप आता बोलू शकतो.

चाचण्या धरून आकडा ००६.

१ मार्च

०१०. आठवड्यात ४. दिवसाला ०.८ लिटर. ग्लँडचे थेंब मोजले: मिनिटाला ११. गुणाकार केला तर दिवसाला ०.८. हिशेब जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

८ मार्च

०१४.

१५ मार्च

०१९. ग्लँड १३ थेंब. जाळी काढून धुतली.

२२ मार्च

०२४.

२९ मार्च

०४३.

आठवड्यात १९. बिल्ज नेहमीसारखंच, ८ सेंमी पाणी, पंप शांत, बॅटरी ठीक. मोजणी नसती तर मी आज काही पाहिलंच नसतं आणि बोट घेऊन निघालो असतो.

१९ फेऱ्या म्हणजे दिवसाला ३.८ लिटर. ग्लँडचे थेंब १५, म्हणजे १.१ लिटर. मग उरलेले २.७ कुठून? पाऊस नव्हताच. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, खारं. म्हणजे खालून येतंय.

बिल्जच्या दोन्ही कडा पुसून कोरड्या केल्या आणि फासळीफासळीवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या टाकल्या. वीस मिनिटांनी डाव्या बाजूची, इंजिनाच्या पाण्याच्या कॉकखालची पट्टी ओली. विजेरी घेऊन खाली आडवा झालो. नळीच्या मागच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, दोनपैकी एका क्लिपचा स्क्रू गंजून तुटलेला. दुसरी क्लिप सैल. नळी कॉकवरून बोटाच्या पेराइतकी सरकलेली, आणि तिच्या कडेनं पाण्याची बारीक दोरी.

ही तीच २५ मिमीची नळी, जिचा हिशेब मी १८ जानेवारीला केला होता. सुटली असती तर मिनिटाला ५५ लिटर आत, आणि माझा पंप ३९ बाहेर. उरलेले १६ लिटर दर मिनिटाला बोटीत. तासाभरात टनभर पाणी. पंपानं बोट वाचवली नसती. थोडा वेळ मिळाला असता, आणि तोही कोणी बोटीवर असलं तरच कामाचा.

कॉक बंद केला. नव्या दोन क्लिपा घातल्या, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. क्लिपेची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा प्रकार होता. आता पेटीतल्या सगळ्या क्लिपांच्या स्क्रूंना लोहचुंबक लावला. जे चिकटले ते टाकून दिले. बोटीवरच्या प्रत्येक नळीवर हाच प्रयोग केला. आणखी तीन क्लिपा बदलल्या.

आजपासून निघताना तो कॉक बंद करायचा. त्याची आठवण म्हणून इंजिनाची चावी कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवतो. कॉकला हात लावल्याशिवाय चावी मिळत नाही.

५ एप्रिल

०४८. ग्लँडपुरतंच.

गेल्या आठवड्याची धास्ती अजून गेलेली नाही. दुसरा फ्लोट स्विच १८ सेंमी उंचीवर बसवला, पंपाला नाही, भोंग्याला. त्याची वीज दुसऱ्या बॅटरीवरून, म्हणजे पंपाची बॅटरी संपली तरी भोंगा वाजेल. आणि हातानं दांडा मारायचा पंप सुकाणूजवळ, बसल्या जागेवरून पोचेल असा. भाच्याकडून दोनशे दांडे मारून घेतले. दमला, पण आता त्याला ते येतं.

चाचण्यांनंतर आकडा ०५०.

१९ एप्रिल

०९१. पाहूनच पोटात गोळा आला. पण या वेळी पाणी गोडं. काल रात्री मोठा पाऊस झाला. सरळ कडांच्या बादलीत ३८ मिमी पाणी. उघडा भाग ५ चौरस मीटर, म्हणजे १९० लिटर पडलं, त्यातलं चाळीस-पंचेचाळीस लिटर इंजिनाच्या झाकणाच्या रबरी पट्टीतून खाली आलं. निचऱ्याच्या एका भोकात पान अडकलं होतं. पट्टी बदलली. जानेवारीतल्या १४० लिटरचा उरलेला हिशेबही इथेच लागला.

१७ मे

११५. ग्लँड १६ थेंबांवर. बोट पाण्याबाहेर काढलेली, तेव्हा दोरी बदलून घेतली. जुनी दोरी काढायला आकड्यासारखा मळसूत्री हूक लागतो, आणि शेवटची कडी कधीच सहज निघत नाही. ती आत राहिली आणि तिच्यावर नवी घातली तर सगळं वाया, म्हणून विजेरीनं तळापर्यंत पाहिलं. शाफ्ट २५ मिमी, दोरी ६ मिमी. शाफ्टवर गुंडाळून, तिरप्या कापून चार कड्या केल्या. प्रत्येक कडीचा सांधा आधीच्यापासून तिसरा हिस्सा फिरवून. नट हातानंच आवळले. खाली वाकून काम करताना पाना दोनदा निसटून बिल्जमध्ये पडला.

पाण्यात सोडल्यावर इंजिन चालवून पाहिलं: शाफ्ट फिरताना मिनिटाला तीन थेंब, ग्लँडला हात लावला तर जेमतेम कोमट. शाफ्ट थांबला की एखादाच थेंब. चाचण्या धरून आकडा ११७.

२१ जून

पाच आठवड्यांनी. ११७.

एकही फेरी नाही. क्षणभर वाटलं, ग्लँड अगदी घट्ट बसली. मग थांबलो. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७० मिलिलिटर होतात. पाच आठवड्यांत अडीच लिटर व्हायला हवेत, शिवाय पाऊसही झालेला. शून्य कसं येईल?

फळी उचलली. पाणी १४ सेंमी. भोंग्याला चार सेंमी बाकी.

फ्लोटचा हात बोटानं उचलला, पंप लगेच सुरू. सोडला, बंद. दर वेळी मी हीच तपासणी करत आलोय: हात उचलायचा, आवाज ऐकायचा. आणि ही तपासणी आजही ‘ठीक’ सांगत होती. पण पाण्यात तो हात तरंगतच नव्हता. काढून हलवला तर आत पाणी खळखळलं. कवचावर केसासारखी चीर. त्या पान्याची आठवण झाली.

बोटानं उचलल्यावर तार, फ्यूज आणि मोटर तपासली जाते. फ्लोट तरंगतो की नाही, ते फक्त पाणीच सांगू शकतं. नवा स्विच बसवला, वर भोकं असलेलं झाकण घालून. आता बोटीवर एक १० लिटरचा डबा कायम भरून ठेवला आहे. दर भेटीत तो बिल्जमध्ये ओतायचा, पंप आपोआप लागेपर्यंत थांबायचं, आपोआप बंद होईपर्यंत थांबायचं, आणि नंतर पाच मिनिटं तो पुन्हा लागत नाही ना ते पाहायचं. मग आकडा लिहायचा. शून्य वाढ दिसली तर आधी फळी उचलायची.

पंप जाळीतून सोडवून साफ केला. इम्पेलरच्या दांड्याला केस आणि नायलॉनचे धागे गुंडाळलेले, जाळीत रंगाचे पापुद्रे, एक कापलेली प्लास्टिकची पट्टी, आणि एका बाटलीचं गळून पडलेलं लेबल. लेबल सगळ्यात वाईट. भिजून लगदा होतं आणि जाळीवर कातडीसारखं बसतं. बोटीवरच्या सगळ्या बाटल्यांची आणि डब्यांची लेबलं काढून टाकली, नावं रंगानं लिहिली.

फ्लोटच्या बिजागरीवरचं तेल पुसलं. ते चिकटलं की हात वरच राहतो आणि पंप कोरडा चालत राहतो. जोडांपैकी एकाचं हीट श्रिंक कडेनं उकललं होतं, नवीन केलं. व्होल्ट मोजले: बॅटरीवर १२.५, पंपाशी १२.२. जानेवारीत होते तेवढेच.

२० लिटरला ३१ सेकंद. चाचण्या धरून १२४.

१२ जुलै

१२७. तीन आठवड्यांत ३. एक फेरी ग्लँडची, दोन त्या मधल्या पावसाच्या असाव्यात. पाण्याची चव किंचित खारट.

डबा ओतला. लागला, बंद झाला, पुन्हा लागला नाही. ग्लँड दीड मिनिटाला एक थेंब. कॉकच्या क्लिपा कोरड्या. भोंगा वाजवून पाहिला.

भाच्यानं आज वही मागितली आणि पुढची नोंद स्वतः केली: “डबा ओतल्यावर १३३. दिवा लागतो, आवाज बरोबर, मामा खाली आडवे होऊन अजून क्लिपा बघतायत.”